मतदार यादीतील नाव : आपला अनुभव सांगा

मतदार ओळखपत्र हातात असले की मतदानाची काळजी नाही, या समजुतीत मी बारा वर्षे काढली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पाऊण तास रांगेत उभे राहून आत गेल्यावर मतदान अधिकाऱ्यांनी यादी माझ्यासमोर धरली. नाव होते, वयही बरोबर होते, पण त्या चौकटीवर वगळल्याचा तिरपा शिक्का उमटलेला होता. मधल्या काळात आम्ही घर बदलले होते आणि पडताळणीला आलेल्यांना जुन्या दाराला कुलूप दिसले, एवढेच पुढे कळले. ओळखपत्राने ओळख पटते, मताचा हक्क मात्र यादीतल्या नावाने मिळतो. आणि उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते नाव घालताही येत नाही. नोंदणी करताना आपण कुठे अडलात आणि तिढा कसा सुटला, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

*

लग्नानंतर मी दुसऱ्या तालुक्यात आले आणि ओळखीच्या एकांच्या सल्ल्याने नमुना ६ भरून मोकळी झाले. माहेरच्या यादीतले नाव तसेच होते. एकाच व्यक्तीची दोन ठिकाणी नोंदणी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याला मान्य नाही, हे बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम पाहणाऱ्या शिक्षिकाबाईंनी घरी येऊन समजावले. नमुना ६ पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यांसाठी असतो. पत्ता बदलला किंवा नावात दुरुस्ती असेल, तर नमुना ८ भरायचा. आडनाव बदलायचे का, असे त्यांनी विचारले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "तिचे आहे तेच राहू द्या." १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे, त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई एवढीच ओळख दिल्यामुळे, यादीतून गाळावी लागली होती. हे वाचल्यापासून प्रत्येक निवडणुकीआधी मी माझे नाव काना-मात्रेसह तपासते.

*

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी दर वेळी नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून मी स्वस्थ बसलो आणि नमुना १८ भरायचा राहून गेला.

*

माझ्या मुलीला ऑगस्ट २०२५ मध्ये अठरा वर्षे पूर्ण झाली. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण असण्याची तारीख, होती. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही आहेत, शिवाय सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मात्र स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र नोंदणी करत नाही. विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेची घेऊन तिची प्रभागनिहाय विभागणी होते, आणि या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. मतदानाच्या दिवशी अठरा पूर्ण असूनही ती घरीच राहिली. मला हे पटलेले नाही. घरासमोरच्या रस्त्याचा आणि पाण्याचा निर्णय करणाऱ्या सभागृहासाठीच तरुणांना थांबावे लागते, याचे वाईट वाटते.

*

आम्ही काही जण उड्डाणपुलाखाली राहणाऱ्यांची नोंदणी करून देतो. पत्त्याचा कागद नाही म्हणून एका कार्यालयातून आम्हाला परत पाठवले गेले होते. वास्तविक बेघर व्यक्तीने अर्जात दिलेल्या जागी बीएलओने रात्री एकाहून अधिक वेळा जाऊन ती तिथेच झोपते याची खात्री करायची असते, निवासाचा वेगळा पुरावा मागायचा नसतो. हा नियम छापून नेल्यावर अर्ज स्वीकारले गेले. एक आजोबा दोन्ही रात्री जागे बसले होते, कारण डोळा लागला तर साहेब आपल्याला न पाहताच निघून जातील, अशी त्यांना धास्ती होती. अंतिम यादी लागली तेव्हा त्यांनी आपले नाव मला तीनदा वाचायला लावले आणि अनुक्रमांक तळहातावर लिहून घेतला.