अर्धगोल भिंत आणि स्लॅबचा सांधा: मॉडेलमध्ये भिंत मजल्यागणिक तोडावी की सलग ठेवावी?

ओळंबा:
नुकतंच एका बंगल्याचं स्केचअप (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) मॉडेल तपासायला आलं. दर्शनी भाग अर्धगोल, बाहेरची त्रिज्या ६ मीटर. भिंत जोत्यापासून पॅरापेटपर्यंत (गच्चीच्या कठड्यापर्यंत) एकसंध उचललेली आणि प्रत्येक स्लॅब आतून तिला नुसता चिकटवलेला. सेक्शन (उभा छेद) कापला तर स्लॅब कशावर बसलाय तेच कळेना.

माझं मत ठाम आहे. साईटवर जसं बांधतात तसंच मॉडेल उभं करा. स्लॅब भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्या आणि पुढच्या मजल्याची भिंत त्यावर उभी करा.

दुसरं, स्लॅबसाठी वेगळी आर्क (वक्र रेषा) मारू नका. स्केचअपमध्ये खरा वक्र नसतोच, सरळ तुकडे असतात. आर्कला आपोआप १२ तुकडे मिळतात. ६ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात अशा एका तुकड्याचा मध्य खऱ्या वक्रापासून तब्बल ५१ मिमी आत येतो. भिंतीला १२ आणि स्लॅबला ४८ तुकडे दिले, की एका ठिकाणी स्लॅब भिंतीबाहेर डोकावतो, तर दुसऱ्या ठिकाणी बरोबर बसतो. लोक मग तासभर रेषा पुसत बसतात. आधी एकच आर्क ४८ तुकड्यांची काढा (फरक ३ मिमीवर येतो), तिच्यावरूनच ऑफसेट (ठरावीक अंतरावरची समांतर रेषा) घ्या आणि भिंत, स्लॅब, चज्जा सगळं त्यातून उचला. कोपरे आपोआप जुळतात.

रंगरेषा:
एकाच आर्कचा मुद्दा शंभर टक्के मान्य. भिंत तोडण्याचा अजिबात नाही. मी रेंडरिंग करते, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखी चित्रं. क्लायंट तिसऱ्या मीटिंगला म्हणतो, 'गोलाई जरा कमी करा.' सलग भिंत असेल तर एक आकार बदलायचा. मजल्यागणिक तोडली तर भिंतीचे तीन तुकडे आणि तीन स्लॅब पुन्हा जुळवायचे. शिवाय स्लॅबची कड आणि भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग एकाच पातळीत आले, की प्रत्येक मजल्यावर रेघ दिसते. आणि कोणी भिंत न कापताच स्लॅब आत घुसवला, तर दोन पृष्ठभाग एकावर एक येऊन तिथे टेक्स्चर लुकलुकतं. प्रत्यक्षात बाहेरून प्लास्टर सलग असतं, ती रेघ कुठेच नसते. मग मॉडेलमध्ये का दाखवायची?

ओळंबा:
स्लॅब घुसवा असं मी म्हटलेलंच नाही, त्यावर भिंत उभी करा म्हटलंय. राहिलेली रेघ लपवता येते. पण सलग भिंतीचं मॉडेल पुढे वर्किंग ड्रॉइंगला (साईटवरच्या नकाशांना) जातं तेव्हा ती चूक कोण निस्तरणार?

सळई:
स्ट्रक्चरवाला म्हणून सांगतो, दोघांचंही चित्र अपुरं आहे. आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) फ्रेममध्ये स्लॅब विटांच्या भिंतीवर बसतच नाही. गोल भिंतीच्या डोक्यावर गोल बीम असतो, आणि प्लॅनमध्ये वळलेल्या बीमला पीळही बसतो, त्यामुळे त्याची खोली कमी ठेवता येत नाही. मजल्याची उंची ३ मीटर आणि बीम स्लॅबसकट ४५० मिमी धरा. वीटकाम उरतं २.५५ मीटर. म्हणजे भिंतीचा माथा स्लॅबखाली नाही, बीमच्या तळाशी संपायला हवा. 'साईटवर बांधतात तसं' म्हणायचं तर बीम दाखवल्याशिवाय सांधा पुरा होत नाही.

मोजमाप:
सळई यांच्या आकड्याचा अर्थ पैशांत बघा. भिंत २३० मिमी जाड, अर्धवर्तुळाची मध्यरेषा सुमारे १८.५ मीटर. नुसता १२५ मिमीचा स्लॅब वजा केला तर वीटकाम ०.५३ घनमीटरने कमी होतं. बीमसकट वजा केलं तर १.९१ घनमीटरने. म्हणजे बीम विसरला की प्रत्येक मजल्यावर सुमारे १.४ घनमीटर वीटकाम बीओक्यूमध्ये (कामाच्या परिमाणांच्या यादीत) फुकट चढतं. आयएस १२०० मध्ये (बांधकाम मोजण्याचं भारतीय मानक) स्लॅबच्या बेअरिंगची (भिंतीवर टेकलेल्या भागाची) वजावट माफ आहे ती जाडी १० सेंमीपर्यंत असेल आणि बेअरिंग भिंतीच्या पूर्ण जाडीत नसेल तेव्हाच. इथे दोन्ही अटी मोडतात. त्यामुळे माझा कौल ओळंबा यांना, बीम धरून.

रंगरेषा:
टेंडरच्या मॉडेलसाठी हे पटलं. कन्सेप्टच्या टप्प्यावर मात्र मी सलग भिंतच ठेवणार. तेव्हा बीमची खोली ठरलेलीच नसते, मग २.५५ चा आकडा आणायचा कुठून?

चौकट:
रेव्हिट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे भांडण बरंचसं मिटतं. भिंतीला थर द्या: बाहेरचं प्लास्टर, मधलं वीटकाम, आतलं प्लास्टर. स्लॅबची हद्द पिक वॉल्स या कमांडने भिंतीवरूनच घ्या आणि कोअरच्या (मधल्या वीटकामाच्या) बाहेरच्या कडेपर्यंत न्या. मग दोन्ही जोडायला जॉइन जॉमेट्री. स्लॅब वीटकाम कापतो, बाहेरचं प्लास्टर वरून सलग जातं. रंगरेषा यांची रेघ गेली, मोजमाप यांची वजावट आली. त्रिज्या बदलली तर स्लॅबची कडही भिंतीबरोबर सरकते. कापाकापी उलटी झाली, म्हणजे भिंतीनेच स्लॅब खाल्ला, तर स्विच जॉइन ऑर्डर ही कमांड वापरा. आर्किकॅड या तशाच सॉफ्टवेअरमध्ये हेच काम मटेरियलच्या प्राधान्यक्रमावर होतं. काँक्रीटला विटेपेक्षा वरचा क्रम द्यायचा.

ओळंबा:
थरांचं मान्य, स्केचअपमध्येही प्लास्टरचा वेगळा ग्रुप करून ते जमतं. पण मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती बघा. गोल कोपऱ्यावरून चज्जे आणि पट्टे मजल्याच्या रेषेवर मुद्दाम वळवलेले आहेत. तिथे सांधा लपवायचा नाही, दाखवायचा आहे. अशा कामात सलग भिंत उचललीत तर प्रत्येक पट्टा नंतर चिकटवावा लागेल.

सळई:
आणि चज्जा स्लॅबमधूनच बाहेर काढा. भिंतीला चिकटवलेल्या चज्ज्याची सळई जाणार कुठे?