आयरिश विनोदी मालिका: कुठून सुरुवात करू? (सल्ला हवा)

ओली_छत्री:
आयर्लंडमध्ये, कॉर्कला येऊन आठ महिने झाले. कामाचं जमलं, पावसाशीही जमवून घेतलं. पण दुपारी जेवताना सगळं टेबल हसतं आणि मी अर्धा सेकंद उशिरा हसते, त्याचं काय करावं कळत नाही.

परवा कॅन्टीनमध्ये सूचना लागली, की मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करू नयेत. (मासा माझाच होता. तो विषय नको.) दुसऱ्या दिवशी सूचनेखाली कुणीतरी दोन कागद चिकटवले. एकावर 'डाउन विथ धिस सॉर्ट ऑफ थिंग', दुसऱ्यावर 'केअरफुल नाऊ'. अख्खा मजला हसत होता. मला वाटलं, मलाच हसतायत. शेवटी शेजारची म्हणाली, अगं, फादर टेड! पाहिलं नाहीस?

नाही पाहिलं. ब्रिटिश विनोदी मालिका थोड्याफार पाहिल्यात, आयरिश एकही नाही. कुठून सुरू करू? नवरा अजून पुण्यातच आहे, त्यालाही तिकडे बघता येईल असं काही असेल तर फार बरं. आणि सबटायटल्सशिवाय मला कॉर्कचं इंग्रजी कळत नाही, हे आधीच कबूल करते.

वसईचा_पाव:
राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. टेडच! १९९५ ते ९८, एकूण २५ भाग, आठवड्यात संपतील.

क्रॅगी आयलंड नावाच्या काल्पनिक बेटावर तीन कॅथलिक फादर राहतात, तिघांनाही काही ना काही भानगडीपायी तिथे धाडलंय. टेडवर पैशांचा आळ आहे. त्याचं म्हणणं, पैसे माझ्या खात्यात नुसते विसावले होते. डूगल भोळा, इतका की जवळची खेळण्यातली गाय आणि लांबची खरी गाय यांतला फरक त्याला समजावून सांगावा लागतो. तिसरा म्हातारा जॅक, त्याला दारू हवी आणि बाकी जगाने गप्प बसावं. घर सांभाळायला मिसेस डॉईल. ही बाई चहा देते. नको म्हटलं तरी देते. 'गो ऑन, गो ऑन, गो ऑन' करत समोरच्याचा पार पिट्टा पाडते. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारी आत्या ज्यांच्या घरात आहे, त्यांना सबटायटल्स लागणार नाहीत.

मी वसईच्या ख्रिस्ती घरातला. बिशप धर्मग्रामात येणार म्हटलं की आमच्याकडे चर्चचा रंग, बँडवाले, स्वयंपाकघरातली धावपळ आणि फादरांचा चढलेला रक्तदाब हे सगळं मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे टेडच्या दारात बिशप ब्रेनन उभे राहतात तेव्हा मला हसू आणि घाम एकदमच येतो. ज्यांचं बालपण फादर-सिस्टरांच्या सावलीत गेलं नाही, त्यांना एक संदर्भ सांगून ठेवतो. १९९२ मध्ये गॉलवेचे बिशप एमन केसी यांना अमेरिकेत मुलगा असल्याचं उघड झालं आणि देश हादरला. १९९५ च्या नोव्हेंबरात घटस्फोटाला परवानगी देणारं सार्वमत जेमतेम काठावर पास झालं. ही मालिका बरोब्बर त्याच वर्षी आली. वरवर नुसता वेडेपणा दिसतो, पण बिशप ब्रेनन यांचंही कॅलिफोर्नियात एक 'गुपित' आहे, आणि ते कुठून आलं हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं.

तुमच्या कॅन्टीनमधले कागद पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागातले. एका 'अश्लील' सिनेमाविरुद्ध निदर्शनं करा, असा बिशपांचा हुकूम येतो. टेड आणि डूगल थेटराबाहेर त्याच दोन पाट्या घेऊन उभे राहतात. पुढे काय होतं ते सांगत नाही.

रताळं:
+१ टेड. वाखूसा (वाचनखूण साठवली).

आंबट_चुका:
टेडला अनुमोदन, पण सुरुवात 'डेरी गर्ल्स'ने कर. नेटफ्लिक्सवर आहे, म्हणजे नवऱ्याचाही प्रश्न सुटला. १९ भाग, २०१८ ते २०२२, लेखिका लिसा मगी.

नव्वदच्या दशकातलं, कॅथलिक-प्रोटेस्टंट हिंसाचाराच्या काळातलं डेरी, कॅथलिक मुलींची शाळा, चार मैत्रिणी, आणि त्यांच्यात कोंबलेला एक इंग्रज मुलगा. मुलांच्या शाळेत त्याच्या इंग्रजी उच्चारांपायी त्याला बदडतील, म्हणून त्याला मुलींच्या शाळेत घातलंय. तिथे त्याच्यासाठी स्वच्छतागृहसुद्धा नाही! पहिल्याच भागात पुलावर बॉम्ब सापडतो, रस्ते बंद. घरातल्या मोठ्यांना चिंता कसली, तर आता कार्टी दिवसभर घरात राहणार की काय, आणि मावशीची कातडीवर उन्हाळी रंग चढवून घ्यायची अपॉइंटमेंट हुकणार का. मी त्र्याण्णवच्या जानेवारीत मुंबईत दहावीला होते. बाहेर कर्फ्यू, आणि आमच्याकडे आई आणि काकूचं भांडण गव्हाचं पीठ कुणी संपवलं यावरून. म्हणून मला ही मालिका खोटी वाटली नाही.

मुख्याध्यापिका सिस्टर मायकल केवळ तिच्या थंड नजरेसाठी बघावी. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांना 'आपल्यातलं साम्य' फळ्यावर लिहायला सांगतात. साम्य काही सुचत नाही, फरकांनी फळा भरतो. तो फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये ठेवला.

सबटायटल्स लावच. लाज वाटून घेऊ नको, इंग्रजसुद्धा लावतात.

कडू_कारलं:
डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेत येतं. धाग्याचं नाव 'आयरिश मालिका' आहे. तांत्रिक मुद्दा.

आंबट_चुका:
हा तांत्रिक मुद्दा डेरीत एखाद्या पबमध्ये मोठ्याने मांडा आणि काय झालं ते इथे कळवा.

कडू_कारलं:
बरं. पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. टेड चॅनल फोरची, डेरी गर्ल्स चॅनल फोरची, 'मून बॉय' स्कायची. सगळा पैसा लंडनचा. (आणि टेड आधी आरटीईने, म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय वाहिनीने, नाकारली होती ही लोककथा आहे. ती लिहिलीच गेली लंडनसाठी.) म्हणून मग घरची वाहिनी बिनकामाची म्हणायची का? सत्तरच्या दशकात आरटीईवर 'हॉल्स पिक्टोरियल वीकली' होतं. बॅलीमॅगॅश नावाच्या काल्पनिक गावातून मंत्र्यांची साप्ताहिक धुलाई. त्यात नगरसेवक रंगवणारे फ्रँक केली म्हणजेच पुढचे फादर जॅक. टेड झालेले डर्मट मॉर्गनही आधी आरटीईच्या रेडिओवर राजकीय नकला करून गाजले होते, आणि तो कार्यक्रम १९९१ मध्ये बंद झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला. टेड आकाशातून पडलेलं नाही.

आरटीईचंच बघायचं तर 'बॅचलर्स वॉक', २००१ पासूनचं. डब्लिनमध्ये लिफी नदीकाठच्या एका घरात तिघं तिशीतले पुरुष काहीही न करता जगतात. विनोद इतका मंद आचेवर शिजतो की पहिल्या भागात वाटतं, हे कशाला बघतोय. तिसऱ्या भागात आपण त्या घरात राहायला गेलेले असतो.

रताळं:
मिसेस ब्राउन्स बॉइजबद्दल कुणीच बोललं नाही?

कडू_कारलं:
मुद्दामच.

वसईचा_पाव:
कारल्या, तू खरंच कडू आहेस रे. समीक्षकांना ती अजिबात खपत नाही आणि प्रेक्षकांना मात्र ती हवीच असते. ब्रेंडन ओ'कॅरल स्वतः आईचं सोंग घेतात. आपल्या रंगभूमीने साडीतले पुरुष भरपूर पाहिलेत, तेव्हा आपण नाक मुरडायचं कारण नाही. विनोद मात्र दहातले सात जुनाट, हेही खरं. एक भाग बघ, आवडलं तर आवडलं.

तिरफळ:
धागाकर्ती कॉर्कमध्ये आहे आणि अजून कुणी 'द यंग ऑफेंडर्स' सुचवली नाही? कॉर्कचीच आहे की! कॉनर आणि जॉक, दोन टारगट पोरं, सायकली चोरतात आणि पोलीस मागे लागतात. आधी २०१६ चा सिनेमा आहे, तो बघून मग २०१८ ची मालिका घे. कॉनरची आई कॉर्कच्या इंग्लिश मार्केट या बाजारात मासे विकते. मुलाला शिव्या घालता घालता त्याच्या उनाड मित्रालाही जेवायला वाढणारी ती बाई मला मालवणच्या बाजारातली वाटते. (आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर, त्यांचे वडील आमच्या तालुक्यातल्या वराडचे. त्यामुळे आयरिश विनोदावर मालवणी माणसाचा हक्क आहे, असं आमचे मामा सांगत फिरतात.)

कॉर्कच्या बोलीचा एक धडा फुकट देते. कुणी 'आय विल, येह' असं लांबवत म्हणालं तर त्याचा अर्थ 'मुळीच नाही'. आपल्या 'करतो की, बघू' सारखं.

'मून बॉय'ही हळूच पुढे सरकवते. रॉसकॉमन काउंटीतलं बॉइल गाव, साल १९८९ पासून पुढे, बारा वर्षांचा मार्टिन आणि त्याचा काल्पनिक मित्र. तो मित्र झालेल्या क्रिस ओ'डाउडचं बॉइल हे स्वतःचं गाव. मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहतात, नव्वदचा फुटबॉल वर्ल्ड कप येतो, आणि हे सगळं त्या पोराच्या उंचीवरून दिसतं. १८ च भाग आहेत, इथल्या सगळ्या मालिकांत मायाळू.

ओली_छत्री:
बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद. तीन आठवड्यांचा हिशेब देते.

डेरी गर्ल्स नवरा आणि मी दोन देशांतून एकाच वेळी 'प्ले' दाबून पाहिली. पहिल्या सीझनच्या शेवटी एकीकडे मुली स्टेजवर नाचतायत आणि दुसरीकडे घरचे टीव्हीवर बॉम्बस्फोटाची बातमी बघत थिजून उभे आहेत, तिथे दोघंही गप्प झालो. तो मग म्हणाला, ही विनोदी मालिका म्हणून सांगितली होतीस ना?

यंग ऑफेंडर्सचा सिनेमा झाला. निम्मं कळलं, पण रस्ते ओळखीचे निघाले याचाच आनंद. बॅचलर्स वॉकचा अजून पहिलाच भाग झालाय आणि हो, 'हे कशाला बघतेय' वाटलं. कारलं, तिसऱ्याची वाट बघते.

टेड संपत आलंय, पुरवून पुरवून बघतेय. युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेचा भाग दोनदा पाहिला. आयर्लंड ९२, ९३, ९४ असं ओळीने जिंकलं, जिंकणाऱ्याने पुढची स्पर्धा भरवायची, म्हणून खर्च वाचवायला टेडचं भिकार गाणं पाठवायचं! आणि तो भाग दाखवला त्याच वर्षी आयर्लंड खरोखर पुन्हा जिंकलं, हे टेबलावरच्यांनीच सांगितलं. शेवटच्या भागाचं चित्रीकरण झाल्यावर दुसऱ्याच दिवशी डर्मट मॉर्गन गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी, तेही त्यांच्याकडूनच कळलं. म्हणून शेवटचा भाग ठेवून दिलाय.

वसईचा_पाव:
ठेवू नको, बघ. मग उन्हाळ्यात डूलिनहून बोट पकडून इनिशीर बेटावर जा. सुरुवातीच्या शीर्षकांत दिसतं ते गंजकं जहाज तिथल्या किनाऱ्यावर १९६० पासून पडून आहे.

ओली_छत्री:
जाणार! आणि त्या निदर्शनांच्या भागाबद्दल. बिशपने ज्याच्याविरुद्ध निदर्शनं करायला लावली तो सिनेमा त्या गोंधळामुळेच हाउसफुल होतो, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. आमच्या कॅन्टीनमध्ये सूचना लागल्यापासून तिघांनी येऊन विचारलं, तो मासा नक्की कोणता होता? इंग्लिश मार्केटमधलाच मॅकरेल, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. शनिवारी तिघंही घरी जेवायला येतायत. तिखलं करणार आहे, तिरफळं आईने पाठवलीत.

फक्त एक विचारायचंय. जेवणानंतर चहाला नको म्हणाले, तर आग्रह किती वेळा करायचा असतो इथे?

तिरफळ:
हो म्हणेपर्यंत.