पॅरिसचा मोतीवाला खरा की काकांची थाप?

जगबुडीकाठ
मुलाला 19 एप्रिलला शाळेत अनंत कान्हेऱ्यांवर बोलायचंय. त्यांचं गाव आयनी आमच्या खेड तालुक्यातलंच, त्यामुळे कान्हेरे म्हणजे घरचा माणूस. नाशिकचं विजयानंद थिएटर, 21 डिसेंबर 1909, कान्हेऱ्यांनी गोळ्या घातलेला कलेक्टर जॅक्सन, सगळं मी लिहून दिलं. शेजारचे काका ऐकत बसले होते. म्हणाले, "गोळ्या झाडल्या ते सांगतेस, पिस्तूल कोणाच्या पैशांतलं ते? पॅरिसच्या मोतीवाल्याच्या!" काकांच्या निम्म्या गोष्टी एस्टीत ऐकलेल्या असतात, म्हणून विचारते. असा कोणी होता का?

दाभोळखाडी
होता की. सरदारसिंह राणा. काठेवाडातल्या लिंबडीकडचे. लंडनला बॅरिस्टर झाले आणि कोर्टात उभं राहायचं सोडून पॅरिसला मोती विकायला बसले. 1905 साली त्यांनी दोन-दोन हजारांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यातली शिवाजी महाराजांच्या नावाची सावरकरांना मिळाली. म्हणजे पिस्तूल बाजूला ठेवा, सावरकर 1906 ला लंडनला गेले त्यातच मोत्यांचा पैसा आहे. 1907 ला मादाम कामांनी जर्मनीत श्टुटगार्टला हिंदुस्थानचा झेंडा फडकवला, तिथेही राणा सोबत होते.

पिस्तुलांबाबत मात्र काकांना जरा आवरा. क्रांतिकारकांच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारनं नेमलेल्या रौलट समितीच्या 1918 च्या अहवालात सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पॅरिसहून मिळवली असं आहे, मोतीवाल्याचं नाव त्या वाक्यात नाही. ती मुंबईला आणली चतुर्भुज अमीननं. हा इंडिया हाउसमधला, म्हणजे लंडनच्या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला आचारी! पेटीला खोटा तळ, त्याखाली पिस्तुलं नि काडतुसं. आचाऱ्याच्या सामानात कोण हात घालणार? माझ्या मते भाषणात हाच माणूस हवा.

भरतीओहोटी
पैसे देणाऱ्याचं कौतुक पुरे. फासावर कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे गेले, ठाण्याच्या तुरुंगात. कान्हेरे अठरा वर्षांचे होते.

दाभोळखाडी
कबूल. पण राणाही गादीवर लोळत बसले नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि इंग्रज एका बाजूला आले आणि फ्रेंचांनी त्यांना बायको-मुलासकट मार्टिनिक बेटावर नेऊन टाकलं. आजारी मुलगा तिथेच गेला. स्वतः राणा 1957 ला वेरावळला वारले.

थिबाराजाचाशेजारी
रत्नागिरीतून लिहितोय. आमचे पणजोबा रंगूनच्या बोटीवर खलाशी, म्हणून तिकडची एक भर घालतो. रंगूनचे मोठे व्यापारी अब्दुल हबीब युसुफ मारफानी, मूळचे धोराजीचे. त्यांनी 1944 ला दागिने, मालमत्ता धरून सुमारे एक कोटी आझाद हिंदच्या कामाला दिले. नेताजींनी त्यांना 'सेवक-ए-हिंद' केलं. आमच्या घरातून काय गेलं म्हणाल, तर पणजीच्या दोन पाटल्या. पावती नाही, पण पणजीचे हात शेवटपर्यंत मोकळे होते, ते आजीनं पाहिलंय.

जगबुडीकाठ
सगळ्यांचे आभार. काकांना राणांचं नाव वाचून दाखवलं, तेव्हापासून ते गल्लीत छाती काढून फिरतायत. अहवालाचं वाक्य दाखवलं तर म्हणाले, चष्मा घरी राहिला.

भाषण बदललं. आता आचाऱ्यापासून सुरुवात. मुलानं हापूसच्या रिकाम्या पेटीला पुठ्ठ्याचा खोटा तळ बसवलाय, वर पेंढा, खाली पिस्तुलं. वीस हवीतच म्हणून हटून बसलाय. चौदा झालीत आणि घरातला चंदेरी कागद संपलाय.