जुन्या थंडरबर्डला मागं 140 चा टायर टाकू का?

होटगीरोडकर
गाडी रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड 350, मॉडेल 2013, रनिंग 68 हजार. मागचा टायर बदलायला झालाय. कंपनीचं माप पुढं 90/90-19, मागं 120/80-18. मला मागं 140/70-18 टाकायचाय. टायरच्या उंचीचं गणित करून बघितलं (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत). 120 च्या 80 टक्के म्हणजे 96 मिमी, 140 च्या 70 टक्के म्हणजे 98. दोन मिमीनं काही बिघडत नाही.

कारण असं की सोलापूरहून पुणे रोडला मोहोळ सोडून 85 च्या वर गेलं की मागची बाजू माशाच्या शेपटीसारखी हलते. तुळजापूरच्या घाटात तर वळणावर आधी गाडी आत यायलाच तयार नसते, मग एकदम कलंडते. रुंद टायर टाकला की गाडी रस्ता धरेल असं माझं ठाम मत आहे. नको म्हणणाऱ्यांनी कारण द्यावं. "कंपनीला काय कळत नाही का" हे कारण नव्हे.

चिमटेवाला
उंचीचं गणित बरोबर, पण प्रश्न उंचीचा नाहीच. रिमची रुंदी रिमवरच ठोकलेली असते, ती वाच. 120 साठी बनवलेल्या रिमवर 140 चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. पैसे 140 चे, रस्त्याला टेकणार मधली पट्टी. शिवाय मागचा टायर जितका रुंद तितकी त्याच वळणाला गाडी जास्त झुकवावी लागते. म्हणजे घाटातली तुझी तक्रार वाढणार. चेन घासते का ते वेगळंच.

आणि शेपटी हलते ती टायरमुळे कशावरून? डबल स्टँडवर लाव, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलव. खटखट झाली तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेले. मग पुढचं चाक उचलून हँडल हळू डावीकडून उजवीकडे फिरव. बरोबर मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) संपला. 68 हजारात हे दोन्ही शाबूत असतील तर मी तुला पार्क चौकात चहा पाजतो.

बाळीवेस_एक्सप्रेस
काय करायलास बे! 12 वर्षांची गाडी, तिला 140 चा टायर म्हणजे आजोबाला जिमचे बूट. विकून टाक की.

घाटवेडा
चिमटेवाल्यांशी अर्धा सहमत. 140 नको हे खरंच. पण "आधी बुश, मग टायर" हा गॅरेजचा धर्म मला मान्य नाही. माझ्या जुन्या गाडीचं हेच झालं होतं. एका मेकॅनिकनं कोनसेट बदलला, बुश बदलले, फोर्क ऑइल बदललं, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढला. दोन महिने आणि बरेच पैसे गेले, गाडी तशीच. शेवटी टायर बदलला आणि घरी येईपर्यंत कळलं की दुखणं कुठं होतं.

आपल्याकडं पुणे रोड काय, विजापूर रोड काय, सगळं सरळ. टायर मधूनच झिजतो, माथा पाटासारखा सपाट होतो. अशा टायरवर झुकवायला गेलं की आधी सपाट भाग अडवतो, मग कडेवर गेला की गाडी धपकन पडते. होटगीरोडकर, तुम्ही घाटाचं जे वर्णन केलंय ते शब्दशः हेच आहे. त्यात मे महिन्यातलं आपलं ऊन. रबर वाळून कडक होतं, नक्षी शिल्लक असली तरी. पुढच्या टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल.

होटगीरोडकर
बघून आलो. पुढच्यावर 1417. म्हणजे 2017 चा चौदावा आठवडा! नक्षी चांगली दिसते म्हणून लक्षच दिलं नव्हतं. मागचा मध्ये सपाट आहे, मान्य. हँडल ठीक आहे. चाक हलवलं तर किंचित खटखट आहे. चहा वाचला तुमचा, चिमटेवाले, अर्धा.

हवा मात्र मी नियमित बघतो. मोहोळहून येताना पंपावर 36 दिसली की 32 वर आणतो.

चिमटेवाला
तापलेल्या टायरची हवा काढतोस?! सकाळी घरातून निघताना बघ, 28 च्या आसपास निघेल. मग त्यावर बायको, सामान आणि 85 चा वेग. थंड टायरवर भरायची, डबलसीटचा आकडा मॅन्युअलमध्ये वेगळा दिलाय. टूरला बॅगा कुठं बांधतोस?

होटगीरोडकर
मागं कॅरिअरवर, एकावर एक दोन.

चिमटेवाला
मागच्या एक्सलच्याही मागं वजन टांगलंस म्हणजे पुढचं चाक हलकं झालं. जड सामान दोन्ही बाजूंना खाली, सीटच्या जवळ घे. मागचे शॉकअप पाच खाचांचे आहेत, डबलसीटला दोन खाचा वर घे. याला रुपयाही लागत नाही. तरी म्हणतो, खटखट आहे तर बुश आधी. सैल चिमट्यावर नवा टायर वाकडातिकडा झिजतो.

घाटवेडा
"किंचित" खटखटीसाठी आठ वर्षांचा कडक पुढचा टायर ठेवून फिरायचं? पहिल्या पावसात काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो, उसाच्या ट्रॉल्यांचा वेगळाच. तिथं ब्रेक दाबल्यावर बुश वाचवत नाही. पुढचा टायर आजच्या आज. दोन्ही एकदम आणि एकाच जातीचे घ्या, एक रेडियल बांधणीचा, एक साध्या बांधणीचा असं नको. स्पोकची रिम आहे, तेव्हा ट्यूबलेस टायर घेतला तरी आत ट्यूब टाकावीच लागेल. पंक्चरवाल्याचं ऐकून ती वगळू नका.

बाळीवेस_एक्सप्रेस
दोन टायर, दोन ट्यूबा, बुश. एवढ्यात विकून टाक की बे.

होटगीरोडकर
विकत नाही. 140 चं डोक्यातून काढलं, रिमचा मुद्दा पटला. कंपनीच्याच मापाचे दोन्ही टायर या शनिवारी, बुश पगार झाल्यावर. चिमटेवाल्यांना राग येईल, पण मधल्या दिवसांत 70 च्या वर जात नाही. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो म्हणून पहिले शंभरेक किलोमीटर अक्कलकोटला जाऊन-येऊन सावकाश काढतो.

चिमटेवाला
शनिवारी टायर बदलताना मागचं चाक निघणारच आहे. तेव्हाच बुश टाक, मजुरी एकदाच लागेल. पगार होईपर्यंत मी देतो उसने.