शेतीपंपाची फुकट वीज बंद करा, तेच पैसे शेतकऱ्याच्या खात्यात टाका

मोकळा बाजार:
बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल 2024 पासून राज्य सरकार भरतंय. सुमारे 44 लाख शेतकरी, वर्षाला 14,760 कोटी. माझं म्हणणं आहे की हा पैसा महावितरणला न देता सरळ शेतकऱ्याच्या खात्यात जाऊ द्या, प्रत्येक पंपाला मीटर बसवा आणि वीज खऱ्या दरानं विका. मग ज्यानं ठिबक लावून वीज वाचवली त्याचे उरलेले पैसे त्याच्या खिशात. आज वाचवली काय नि रात्रभर पंप चालू ठेवला काय, सारखंच, म्हणून विहिरी तळाला जातायत. लाखो पंपांना मीटरच नाहीत, तिथं किती वीज गेली ते अंदाजानं ठरतं, आणि गळती नि चोरी शेतीच्या नावावर दडवली जाते असं ग्राहक संघटना कित्येक वर्षं ओरडून सांगतायत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा होती 'भीक नको, हवे घामाचे दाम', ती विसरलो का आपण?

खानदेशी शेतकरी:
अहो पण घोषणेचा पहिला अर्धाच का धरून बसलात, दुसऱ्या अर्ध्याचं काय? ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी, ती उठली मे 2024 मध्ये, तेही निवडणुकीच्या धामधुमीत. माल विकायला निघालो की सरकार आडवं आणि वीज घ्यायला गेलो की बाजारभाव, हा कुठला मोकळा बाजार झाला? मोफत वीज ही मला भीक वाटत नाही, माझ्या मालाचा भाव पाडून जे काढून घेतलं त्यातलं थोडं परत आलंय. आणि खात्यात पैसे म्हणाल तर पहिलं वर्ष येतील, मग केवायसी, मग सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव, मग निधी नाही.

दाभोळ आठवा:
विजेत बाजार आणायचा प्रयोग महाराष्ट्रानं केलाय की. 1993 ला दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी एनरॉन या अमेरिकन कंपनीशी करार झाला, 1995 ला युती सरकारनं रद्द केला आणि परत वाटाघाटी करून त्यांनाच आणलं, 1999 ला वीज सुरू झाली आणि 2001 मध्ये राज्य वीज मंडळाला ती परवडेना म्हणून घेणंच थांबवलं. वीज घ्या नाहीतर न घ्या, ठरलेला आकार भराच, आणि हिशोब डॉलरशी बांधलेला. वीज म्हणजे भाजी नव्हे, की महाग वाटली तर पुढच्या गाडीवर गेलो.

मोकळा बाजार:
दाभोळला बाजार कोण म्हणतो? स्पर्धेची निविदाच निघाली नव्हती, बंद दाराआड करार आणि वर राज्याची हमी, केंद्राची प्रतिहमी. नफा कंपनीचा आणि जोखीम जनतेची, याच्या विरोधातच तर मी बोलतोय. खरी स्पर्धा मुंबई उपनगरात बघा, तिथं घरगुती ग्राहकसुद्धा टाटा की अदानी हे निवडू शकतो. नागपूरच्या माणसाला तो हक्क का नाही?

वर्कशॉपवाला कोल्हापूर:
इथं आमचं कोणी बोलतच नाही म्हणून लिहितो. शेतीचा दर खाली ठेवायचा तर कुणाच्या तरी बिलात तो वर जाणारच, तो आमच्या जातो, त्यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. 2003 च्या वीज कायद्यानं बाहेरून वीज घ्यायची मुभा दिली पण ती 1 मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला, हरित विजेसाठी 2022 ला मर्यादा 100 किलोवॉटवर आणली, तरी दोन-चार लेथ चालवणारा त्यात बसतो कुठं? मोठे कारखाने अधिभार भरूनसुद्धा बाहेर पडतात आणि त्यांनी सोडलेला बोजा उरलेल्या लहानांवर येतो. त्यामुळं खानदेशी दादा, तुमच्या कांद्याचं सगळं पटतं मला, पण त्याची भरपाई माझ्या बिलातून का? सरकारनं ती स्वतःच्या बजेटमधून पूर्ण द्यावी, म्हंजे विधानसभेत तरी तो आकडा दिसेल.

खानदेशी शेतकरी:
बजेटमधून द्या, माझी काय हरकत असणार! फक्त 2004 लक्षात ठेवा, निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदेंच्या सरकारनं मोफत वीज जाहीर केली आणि निवडणूक झाल्यावर वर्षभरात ती गेली. म्हणून माझा भरवसा सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेवर जास्त आहे, सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प, तीन रुपयांच्या आसपास युनिट आणि दिवसा वीज. रात्री दोनला बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन पाणी धरायला जावं लागतं हो, तेव्हा युनिटचा दर काय हे कुणी विचारत नाही.

मोकळा बाजार:
सौर वाहिनीला माझा पाठिंबाच आहे, कारण तो दर निविदेतल्या स्पर्धेतून खाली आलाय. पण मीटर तिथंही हवंच, पाणी तर सूर्यावर चाललेला पंपही उपसतोच.

खानदेशी शेतकरी:
मीटर लावा. आधी कायदा करा की कांदा, साखर, तांदूळ यांच्यावर मधेच निर्यातबंदी येणार नाही, मग मीटरचा खर्च मी देतो.