गाजर गवतावरील मेक्सिकन भुंगे आणि सूर्यफुलाची भीती

गाजर गवत हे तण खाऊन आटोक्यात ठेवावे म्हणून त्यावर सोडलेले मेक्सिकन भुंगे पुढे सूर्यफूलही फस्त करतील, ही शंका निराधार म्हणता येणार नाही, कारण 1984 मध्ये बेंगळुरू परिसरात हे भुंगे सोडल्यानंतर काही वर्षांनी ते सूर्यफुलाची पाने खाताना खरोखरच आढळले होते आणि त्यावरून मोठा वाद झाला होता. मात्र पुढील अभ्यासात असे दिसले की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले, की प्रौढ भुंगे त्यांकडे आकर्षित होतात. म्हणजे बांधावरचे गवत फुलू न देणे हाच त्यावरचा पहिला उपाय ठरतो.

माझ्या मते या भुंग्यांची खरी मर्यादा वेगळी आहे. प्रौढ भुंगे आणि अळ्या पावसाळ्यात झाडे पर्णहीन करतात, परंतु पुढे भुंगे जमिनीत सुप्तावस्थेत जातात, आणि पाणी मिळेल तेथे हे गवत मात्र वर्षभर उगवत राहते. एकेक झाड हजारो बिया टाकत असल्याने, 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण केवळ भुंग्यांवर सोपवू नये. फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून ते उपटणे चालूच ठेवावे.