कॅलेंडरात नसलेले सण: तुमच्याकडं कोण पाळतंय?

१० एप्रिलला ऑफिसातली एक पोरगी म्हणाली आज सेफ्टी पिनेचा दिवस, मला वाटलं थट्टा करूलीय, पण खरंच आहे की! १८४९ला याच तारखेला अमेरिकेतल्या वॉल्टर हंटला पिनेचं पेटंट मिळालं आणि १५ डॉलरचं देणं फेडायला त्यानं ते ४०० डॉलरला विकून टाकलं. असले दिवस बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी केलेत काय? घरात, दुकानात, शाळेत, कुठलेही चालतील, सांगा.

शहापूरची सून
आमच्या सासूबाईंच्या बांगडीत कायम पिनांचा झुबका, लग्नाच्या हॉलात कुणाचा पदर सुटला की सगळ्या त्यांनाच शोधतात. हंटची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "चारशेला दिलं? बायकोला विचारलं नसणार." संध्याकाळी शिरा केला, तेवढंच निमित्त.

काचसामानवाला, गणपत गल्ली
जानेवारीतला शेवटचा सोमवार बबल रॅपचा. १९५७ला न्यू जर्सीत दोघांनी हे भिंतीला लावायचा वॉलपेपर म्हणून केलेलं, कुणी घेतलं नाही, नंतर पॅकिंगला लागलं. आमच्याकडं त्या दिवशी उरलेले तुकडे गल्लीतल्या पोरांना फोडायला देतो, नुसता फटाफट आवाज, गिऱ्हाईक दचकतंय, मला वाटतंय कप फुटले 😄

निपाणीचे गुरुजी
३० मार्च पेन्सिलीचा दिवस, परीक्षेच्या तोंडावर येतोय म्हणून मीच वर्गात काढला. हायमन लिपमननं १८५८ला पेन्सिलीच्या टोकाला रबर बसवून पेटंट घेतलं, पण १८७५ला अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, दोन जुन्या वस्तू नुसत्या जोडल्या म्हणजे नवा शोध होत नाही म्हणून. मागच्या बाकावरून लगेच, "सर, मग वडापावचं पण पेटंट मिळणार नाही की!" पुढं तास कसला, वडा आणि पाव एकत्र आल्यावर तिसरंच काहीतरी होतं की नाही यावर अर्धी मराठी अर्धी कन्नड भांडणं. कोर्टापेक्षा पोरांचा युक्तिवाद मला जास्त पटला, खरं सांगतो.

रिटायर्ड फौजी, कॅम्प
जूनच्या पहिल्या शुक्रवारी अमेरिकेत डोनटचा दिवस असतो, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जवानांना डोनट तळून देणाऱ्या बायकांच्या सन्मानासाठी १९३८ला शिकागोत सुरू झाला. आमच्या पलटणीत बेळगावचा कोणी सुट्टीवरून परत आला की तोच आमचा कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा दिवस, ट्रंक खाली ठेवायच्या आत डबा रिकामा आणि वर विचारणार, एवढाच आणलास व्हय? तारीख ठरवणारा फक्त रजेचा अर्ज. अमेरिकेवाल्यांनी एकदा खाऊन बघावा, डोनट विसरतील.

गोकाककर
कुंद्याचं तुमचं चालू दे, पण करदंटाचा दिवस आधी होणार. डिंक, सुकामेवा, गूळ, महिनाभर टिकतंय, ट्रंकेत घालून कुठंही न्या. कुंदा कुठं टिकतोय?

रिटायर्ड फौजी, कॅम्प
टिकवायला ठेवतंय कोण गा!